केल्पच्या कडेने कयाकवरून यलोटेल: उजनीचा सराव तिथे किती चालेल?

गळवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामासाठी मार्चपासून आठ महिने सॅन दिएगोला मुक्काम आहे. तिथल्या ला होया किनाऱ्यासमोर केल्प (समुद्राच्या तळापासून वरपर्यंत वाढणारं उंच शेवाळ) आहे, त्याच्या काठी लोक कयाकवरून दहा-बारा किलोचे यलोटेल काढतात, ते करायचंय. सध्याचं सामान असं: दहा फुटी सिट-ऑन-टॉप कयाक, वल्ह्याची. सात फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० नंबरचं स्पिनिंग रीळ, ३० पौंडी ब्रेडेड दोर. उजनीत जलपर्णीच्या कडेने रबरी बेडकावर मरळ, आणि पाणी मायनसमध्ये गेलं की बुडालेल्या बाभळींच्या आसपास कटला. पोहता येतं, पण समुद्रात कयाक कधी घातलेली नाही.

विचारायचंय ते एवढंच: यातलं काय तिथे चालेल आणि काय इथेच ठेवून जावं? मासा केल्पमध्ये घुसला तर सोडवायचा कसा? लाटांतून आत-बाहेर करायची पद्धत काय? आणि निघेपर्यंत सोलापुरात राहून कशाचा सराव करता येईल? यूट्यूबवर सगळे फक्त मासा उचलून दाखवतात, मधलं काही सांगत नाहीत.

केल्पकाठ

अण्णा, मरळीचा सराव अर्धा कामाचा आहे. गवतात शिरायच्या आत माशाचं तोंड फिरवायचं, ही सवय केल्पकाठी जशीच्या तशी लागते. मात्र मरळ दोन हात ओढते आणि थांबते. यलोटेल पहिल्याच धडाक्यात पन्नास-साठ मीटर दोर घेतो, आणि तोही केल्पच्या दांड्यांकडे नाहीतर तळातल्या खडकाकडे. त्यामुळे ४००० चं रीळ आणि ३० पौंडी दोर घरीच राहू द्या.

सामान असं धरा. रॉड सात ते आठ फुटी, ३०-५० पौंडी दोरासाठीचा. रीळ शक्यतो कन्व्हेन्शनल (रॉडवर बसणारं, आडव्या फिरकीचं), स्पिनिंगच हवं असेल तर ६००० ते ८०००. त्यावर ५० किंवा ६५ पौंडी ब्रेड, म्हणजे ब्रेडेड दोर, निदान अडीचशे यार्ड. पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाकडचा गुळगुळीत दोराचा तुकडा. लीडर चार फुटांपेक्षा लांब ठेवू नका, कारण केल्पला करवतीसारखी कापते ती ब्रेड. लीडर जाड आणि गुळगुळीत असल्याने कापत नाही, दांड्यात अडकून बसतो. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची बारीक गाठ. जाडजूड गाठ पानांत अडकते आणि सगळा ताण तिथेच येतो.

ड्रॅग (किती ताणाला रीळ दोर सोडेल ती घट्टाई) अंदाजाने लावू नका. बॅगा मोजायचा हातकाटा दोराच्या टोकाला बांधा, रॉड ४५ अंशात धरा आणि ओढून बघा. सगळ्यात कमकुवत दुव्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ४० पौंडी लीडरला पाच-साडेपाच किलोवर रीळ सुटलं पाहिजे. त्याहून घट्ट केलं आणि मासा बाजूने ओढायला लागला तर अरुंद कयाक कलंडते. म्हणून रॉडचं टोक कायम नाळेकडे, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाकडे. मासा नाळेकडून ओढत असला की कयाक आपोआप फिरते, तुम्ही नुसते ओढले जाता, उलटत नाही.

आता खरा मुद्दा. मोकळ्या पाण्यात मासा कयाक ओढतो ते बरंच असतं, तो त्यातच दमतो. केल्पकाठी हेच उलटं पडतं: मासा तुम्हालाच केल्पमध्ये घेऊन जातो, दोर सुटायचा तेवढा सुटतच नाही आणि तुम्ही पाच मिनिटांत पानांच्या मधोमध. म्हणून झुंजीचा निकाल बराचसा आमिष लागायच्या आधीच ठरतो, तुम्ही कयाक कुठे आणि कोणत्या तोंडाने ठेवली आहे त्यावर.

आधी प्रवाह बघा. केल्प तळाच्या खडकाला धरून उभं असतं, वरची पानं प्रवाहाच्या दिशेने आडवी पसरतात. ती जिकडे लोळलीत तिकडे पाणी चाललंय. पानं ताणून पाण्याखाली गेली असतील तर प्रवाह जोरात आहे. आमिष-मासे बहुतेक वेळा प्रवाह जिथे केल्पला आदळतो त्या कडेला जमतात आणि यलोटेलही तिथेच फिरतो. पण तिथे तुम्हीही केल्पवरच वाहत येता. त्या कडेला असाल तर तीस-चाळीस मीटर अंतर राखा, नाळ कायम बाहेरच्या मोकळ्या पाण्याकडे, आणि आमिष मागे कडेलगत. मासा लागला की त्याच तोंडाने बाहेर निघायचं, वळत बसायचं नाही. नवख्याने पहिले काही दिवस उलट कड घ्यावी, जिथे प्रवाह कयाकला केल्पपासून दूर नेतो. मासे थोडे कमी लागतात, पण लागलेले हातात येतात.

इथेच पेडलची कयाक वल्ह्याच्या कयाकला मागे टाकते. दोन्ही हात रॉडला आणि पाय पळायला. वल्ह्याची असेल तर रॉड धरून वल्हं मारता येत नाही, तेव्हा मासा लागण्याआधी अंतर जास्त ठेवणं हाच उपाय. पेडलचा तोटाही सांगतो: खालचे पंख केल्पमध्ये गुंततात. एक पेडल पूर्ण पुढे ढकललं की पंख कयाकच्या तळाला चिकटून बसतात; सुकाणू वर घ्या आणि पानांवरून वल्ह्याने घसरत बाहेर या. म्हणजे पेडल असलं तरी वल्हं बरोबर हवंच, आणि ते दोरीने बांधलेलं.

मासा केल्पमध्ये गेलाच तर दोन पद्धती, आणि त्या माशावर ठरतात. कॅलिको बास असेल तर दोर थोडा सैल सोडा, मिनिटभर थांबा. दबाव गेला की तो बरेचदा आला त्याच वाटेने बाहेर येतो. यलोटेलला सैल सोडलं की तो आणखी दहा दांड्यांना वेढे घालतो. त्याच्यावर ताण ठेवायचा, दोर गुंडाळत थेट त्याच्या डोक्यावर जायचं आणि सरळ वर ओढायचं. तिरका दोर दहा दांडे कापत येतो, उभा दोर दोनच. एकेक दांडा तुटतो तेव्हा रॉडला खट् खट् असा झटका कळतो. त्या वेळी रॉड वर-खाली करून पंप करू नका, नुसता ताण धरा. माशाबरोबर शेरभर पाला वर येतो, तो आधी रॉडच्या टोकापासून काढा, नाहीतर शेवटच्या दोन मीटरला गुंडाळणं बंद पडतं.

काही झालं तरी ब्रेड हाताला गुंडाळायची नाही. ६५ पौंडी दोर बोट हाडापर्यंत कापतो, आणि वर तुम्ही माशाला बांधले जाता ते वेगळंच. ओढायचाच असेल तर लाकडी दांडक्याला वेढे द्या. कापायला सुरी छातीवर हवी, पेटीत नको.

लाटांचा_हिशेब

वरचं सगळं नंतर. त्याआधी वाळूवरून आत जाता आलं पाहिजे.

उतरायची जागा म्हणजे ला होया शोअर्स, आवेनिदा दे ला प्लाया या रस्त्याच्या टोकाचा उतार. समोर समुद्राखाली खोल दरी आहे, त्यामुळे त्या कोपऱ्यात लाटा शेजारच्या किनाऱ्यापेक्षा बऱ्याचदा नरम असतात. म्हणूनच सगळे कयाकवाले तिथून निघतात. उन्हाळ्यात पार्किंग लवकर भरतं, उजाडायच्या आत पोचा.

अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. तीन फूट आणि ८ सेकंद म्हणजे खळबळ. तीन फूट आणि १६ सेकंद म्हणजे समुद्रात सपाट दिसणारं पण किनाऱ्यावर उभं राहून आदळणारं पाणी. लांब सेकंदांच्या लाटेत ताकद जास्त असते आणि लाटांच्या दोन झुंडींमध्ये शांतता इतकी मोठी असते की नवखा फसतो. स्क्रिप्स संस्थेच्या सीडीआयपी बोयांचे (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांचे) आकडे फुकट दिसतात, नोआ या अमेरिकी सरकारी हवामान-सागर संस्थेचा सागरी अंदाजही. दोन्ही बघा. कोणताही आकडा बघितला तरी किनाऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहून झुंडी मोजायच्याच.

आत जाताना: सगळं सामान हॅचमध्ये (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात) किंवा बांधलेलं, रॉड उभे ठेवायचे नाहीत. उभा रॉड म्हणजे कयाक उलटली की वाळूत रुतून तुटणार, नाहीतर तुमच्या तोंडावर. गुडघाभर पाण्यात कयाकच्या बाजूला उभे राहा, नाळ सरळ लाटेकडे. झुंडीतली शेवटची मोठी लाट फुटली की बसा आणि न थांबता वल्हवा. मध्येच थांबून "आता काय" असा विचार केला की कयाक आडवी होते. पेडलचे पंख उथळ पाण्यात खाली सोडू नका, वाळूला लागून वाकतात.

येताना जास्त घोळ होतो, कारण माणूस दमलेला असतो आणि मासा दाखवायची घाई असते. फुटणाऱ्या रेषेच्या बाहेर थांबा, झुंड जाऊ द्या, शेवटच्या लाटेच्या पाठीवर बसून तिच्या मागे मागे या; पुढे जाऊ नका. तरीही आडवे झालात तर शरीर लाटेच्या बाजूला झुकवा आणि वल्ह्याने लाटेवरच टेका. किनाऱ्याच्या बाजूला झुकलात की उलटलातच. उलटलात तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. कयाक आणि वाळू यांच्या मध्ये उभा राहिलेला माणूस पुढच्या लाटेला घोटा नाहीतर गुडघा गमावतो. सामानासकट चाळीस-पन्नास किलोचा तो ठोकळा असतो.

आणि हो, पाण्यात पाय घासत चला. तिथे वाळूत पाकट असतात. पाऊल उचलून टाकलं तर अंगावर पडतं, घासत गेलं तर ते आधीच पळतात. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, वेदना त्याने उतरते. तपासून घ्यायला दवाखाना आहेच.

थंडीचं सोलापूरकराला वेगळं सांगावं लागेल. मार्च-एप्रिलात तिथलं पाणी १४ ते १६ अंश असतं, भर उन्हाळ्यात २० च्या आसपास. उजनीच्या पाण्याचा अंदाज तिथे लावू नका. १५ अंशाच्या पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात आपोआप धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. दहा-पंधरा मिनिटांत बोटं गाठ सोडायच्या कामाची राहत नाहीत. म्हणून कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे: बिनबाह्यांचा ३ मिलिमीटर वेटसूट आणि वर पाणी अडवणारं जॅकेट. सुती टीशर्ट अजिबात नको. लाइफ जॅकेट अंगावर, सीटमागे खोचलेलं नाही.

वारा सकाळी पडलेला असतो, दुपारकडे समुद्रावरून येतो; तो तुम्हाला घराकडेच ढकलतो. भीती सांता आना वाऱ्याची. तो शरदात आणि हिवाळ्यात जमिनीवरून समुद्राकडे सुटतो, किनाऱ्यावर ऊन आणि स्वच्छ हवा, आणि कयाक मात्र बाहेर बाहेर जाते. त्या दिवशी उतरायचंच नाही. मे-जूनमध्ये सकाळी ढग आणि धुकं खाली बसतं. होकायंत्र नसेल तर पाचशे मीटरवरूनही किनारा कुठे ते कळत नाही.

हातातला व्हीएचएफ रेडिओ घ्या, पाण्यात तरंगणारा, मदत मागायला चॅनेल १६. तोही जॅकेटला अडकवलेला. कयाकवर ठेवला आणि कयाक वाहून गेली तर बोलायचं कशावर? झेंडा आणि पांढरा दिवा विसरू नका, कडेने मोटरबोटी भरधाव जातात.

हिप्परगा_घाट

सोलापुरात काय करता येईल ते सांगतो मालक. मासेमारीचा नाही, पाण्यातून परत कयाकवर चढायचा सराव करा. तेवढं आलं तरी बरंच आलं.

उलटलेल्या कयाकच्या मधल्या बाजूला या. पलीकडची कड किंवा हँडलचा पट्टा धरा, गुडघे अलीकडच्या कडेवर टेका आणि अंग मागे टाका; ती सरळ होते. बारा-तेरा फूट लांबीची रुंद कयाक नुसत्या हातांनी फिरत नाही, वजन मागे टाकावं लागतं. पलीकडे हात पोचत नसेल तर मधल्या हँडलला दोन मीटर पट्टा बांधून ठेवा. मग सीटच्या शेजारी दोन्ही हात, पाय मागे पाण्यावर आणून जोरात हलवायचे, शरीर आडवं झालं की छाती वर खेचायची. पाय खाली लोंबत ठेवून चढायला गेलात तर कयाक अंगावर येते; बहुतेक लोक इथेच अडकतात. पोट कयाकवर, मग वळून बूड सीटमध्ये, शेवटी पाय. पोट, बूड, पाय, याच क्रमाने.

हे लाइफ जॅकेट घालून, पूर्ण कपड्यांत, दोन्ही बाजूंनी करा. जॅकेटचा पुढचा फुगवटा कडेला अडकतो, ते तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळू द्या. सीटमागे पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन बांधून पुन्हा करा, कारण भरलेली कयाक वेगळी वागते. मग बरोबरच्या माणसाला बाजूने दोरी ओढायला लावा, आणि बसल्या जागी तोल कुठे जातो ते बघा. हॅचचं रबर तपासा: वीस मिनिटं उलटी ठेवून आत किती पाणी गेलं ते मोजा. आत पंधरा-वीस लिटर गेलं तर कयाक सरळ झाली तरी तुम्ही चढलात की परत कलंडते.

जागा: हिप्परग्याचा तलाव जवळ पडतो, उजनी मोठी आहे पण वारा मोठा. दोन्हीकडे स्थानिक परवानगी आणि मासेमारीच्या ठेकेदाराशी आधी बोलून घ्या. पाण्यात जाळी असतात, पाय अडकला की पोहणं येऊन उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर उजनीत उतरू नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. सकाळी सात ते दहा, दोघे जण, एक काठावर.

बाभळींचा उपयोग करून घ्या. बुडालेल्या झाडापासून तीस मीटरवर नाळ बाहेर करून थांबायचं, सोबत्याने झाडाजवळ दोर धरून ओढायचं, आणि तुम्ही ताण ठेवत बाहेर निघायचं. केल्पकाठने सांगितलेलं तोंड बाहेर ठेवायचं तंत्र असंच अंगवळणी पडतं. तुमच्या वल्ह्याच्या कयाकवर हे जमलं तर तिथे पेडल मिळाल्यावर सोपंच वाटेल.

मालवणी_गरी

कोकणात केल्प नाही. त्याला थंड, खतावलेलं पाणी लागतं, आपला समुद्र त्याला गरम पडतो. सॅरगॅसम नावाचं शेवाळ दिसतं खडपांवर, पण त्याचं तसलं उभं जंगल होत नाही. खडपाच्या कडेला गोबरा आणि तांबोशी करतात ते मात्र हेच: गरी लागली की बिळात. जायच्या आधी खाऱ्या पाण्याचा आणि लाटेचा हात बसवायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत देवगड-मालवणकडे या, स्थानिक माणूस बरोबर घेऊन.

एक सवय इथली तिकडे नेऊ नका. सुरमईला वायर लागते, दात कात्रीसारखे चालतात. यलोटेलचे दात बारीक, खरखरीत; वायर लावली तर आमिष बिघडतं आणि तो बघून निघून जातो.

आणि कयाकला स्वतःला दोरीने बांधायचं की नाही यावर वर कोणी बोललं नाही. माझं मत, बांधावं. वाऱ्यात कयाक पोहणाऱ्यापेक्षा जोरात पळते.

लाटांचा_हिशेब

मालवणी_गरी, मोकळ्या पाण्यात मान्य. फुटणाऱ्या लाटेत मात्र बांधायचं नाही, कधीच नाही. कयाक लाटेबरोबर किनाऱ्याकडे फेकली जाते आणि दोरी माणसाला ओढत नेते, नाहीतर पायाला वेढा बसतो. लाटा ओलांडल्यावर बांधा, परतताना ओलांडायच्या आधी सोडा. झटक्यात सुटणारा बकल हवा, गाठ नको. वल्हं आणि रॉडच्या दोऱ्याही तशाच: लांब लोंबत्या दोऱ्या हेच उलटलेल्या माणसाचं जाळं होतं.

गळवाला_सोलापूर

फार उपयोगी. दोन शंका. जिवंत आमिष कयाकवर टिकवायचं कसं? आणि मासा वर आल्यावर सीलायन घेऊन जातात म्हणे, त्याला काय करायचं? परवान्याचंही कोणी सांगा.

केल्पकाठ

आमिष म्हणजे बहुतेक मॅकरेल, कधी सार्डिन. साबिकी म्हणजे सहा बारीक गळांची माळ, खाली तीन-चार औंस शिसं. फिशफाइंडरवर झुंड दिसली की तिथे सोडा, एक मासा लागला तरी लगेच वर घेऊ नका, तो धडपडतो तेव्हा बाकीचे गळ भरतात. मासे हाताने पिळून काढायचे नाहीत, खवले गेलेला मॅकरेल तासाभरात मरतो. गळ काढायचं आकड्याचं साधन वापरा, मासा थेट टाकीत पडू द्या.

टाकी वीसेक लिटरची, बारा व्होल्टचा पंप, पाणी सतत बाहेरून आत आणि वरून बाहेर. नुसता हवेचा बुडबुडा पुरत नाही. अशा टाकीत सहा ते आठ मॅकरेल, त्याहून जास्त नाही. हाव करून पंधरा भरले की सगळेच उलटे होतात. पंप बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत ओढलेलं केल्पचं पान. जाळी बघत राहा.

गळ २/० ते ४/०, आमिषाच्या आकारावर. ओढत न्यायचं तर नाकपुड्यांतून आडवा, थांबून सोडायचं तर पाठीवरच्या पराच्या पुढे. वेग ताशी अडीच-तीन किलोमीटर, त्याहून जास्त झाला की मॅकरेल गोल फिरतो आणि दोराला पीळ बसतो. रीळ मोकळं, क्लिकर (दोर सुटला की वाजणारी रिळाची कळ) चालू. मॅकरेल घाबरला की क्लिकर आधी अडखळत वाजतो, मग एकदम कर्र्र करून दोर सुटतो. जे-गळ (साधा, जे अक्षराच्या आकाराचा) असेल तर तीन-चार आकडे मोजून ड्रॅग लावा. सर्कल गळ (टोक आत वळलेला) असेल तर झटका देऊ नका, नुसतं गुंडाळा. झटका दिला की सर्कल तोंडातून निसटतो.

झुंड खोल दिसत असेल तर ड्रॉपर लूप: टोकाला आठ ते बारा औंस शिसं, त्याच्या दोन-तीन फूट वर फासा, त्यात गळ. शिशाकडचा तुकडा २० पौंडी ठेवा, तळाला अडकलं तर शिसं जाईल, मासा राहील. व्हाइट सीबास मागे लागलात तर ड्रॅग थोडा सैल करा. त्याच्या तोंडाची कातडी मऊ, जोर केला की गळ फाडून निघतो. तो बहुतेक उजाडायच्या आधी आणि वसंतात, स्क्विड आलेला असताना.

सीलायनवर उपाय कमीच. मासा थकवत बसू नका, वर आला की लगेच गॅफ, म्हणजे दांड्याचा मोठा आकडा. गॅफ दोन-अडीच फुटी, टोकाला बूच. बूच नसेल तर तो एक दिवस मांडीतच जाईल. गॅफ डोक्यामागे मारा, पोटात नाही. सीलायन शंभर मीटरवर दिसला तर आमिष वर घेऊन जागा बदला. तो एकदा तुमच्या कयाकमागे लागला की मॅकरेलसुद्धा ठेवत नाही. रक्त काढायचं काम तेवढं लगेच: कल्ले कापून दोन-तीन मिनिटं पाण्यात, मग बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या थैलीत. ते केलं नाही तर मांस काळपट आणि वासाचं होतं, मग लोक म्हणतात यलोटेलला चव नाही.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्या, डब्यात. सँडविचचा दोन तासांत लगदा होतो.

नियमवाला

परवान्याचं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा मासेमारी परवाना लागतो, कयाकवर तर लागतोच. खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. पॉइंट अर्ग्वेयोच्या दक्षिणेला समुद्रात मासेमारी करायची तर वर ओशन एनहान्समेंट व्हॅलिडेशन नावाची जादा नोंद हवी, सॅन दिएगो त्यातच येतं. राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय रहिवासी दर मिळत नाही, म्हणजे तुम्हाला महाग परवाना.

आता महत्त्वाचं. ला होया शोअर्सच्या समोरचं पाणीच राखीव आहे: मॅटलाहुआयल राखीव क्षेत्र, १ जानेवारी २०१२ पासून. तिथून कयाक नेता येते, पण पाण्यात दोर टाकता येत नाही. आमिष पकडणंही नाही. बरेच नवे लोक बाहेर जाता जाता साबिकी सोडतात आणि तिथेच दंड बसतो. पॉइंट ला होयाच्या पुढे हद्द संपली की मोकळं पाणी, आणि आणखी दक्षिणेला साउथ ला होया राखीव क्षेत्र पुन्हा सुरू. या दोहोंच्या मधला केल्प तुमचा. राज्याच्या मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावरचे हद्दीचे अक्षांश-रेखांश घरीच जीपीएसमध्ये भरा, किनारा बघून अंदाज करू नका.

यलोटेल दिवसाला दहा. दुभंगलेल्या शेपटीच्या खाचेपर्यंत २४ इंचांपेक्षा लहान त्यात पाचच. व्हाइट सीबास किमान २८ इंच, दिवसाला तीन, पण १५ मार्च ते १५ जून एकच. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा नेमका एकच. कॅलिको किमान १४ इंच. मोजपट्टी कयाकवर चिकटवून ठेवा. नियम मध्येच बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी विभागाचं चालू पत्रक उघडा.

जायंट सीबास लागला, म्हणजे काळसर, जाडजूड, तुमच्याएवढा, तर ठेवायचा नाही. कयाकवर ओढून फोटोही काढायचा नाही. पाण्यातच गळ काढा किंवा दोर तोंडाजवळ कापा.

हिप्परगा_घाट

सामानाचं एक राहिलं. तुमचं रीळ नेलंच तर गोड्या पाण्याचं रीळ खाऱ्यात एका हंगामात धरतं. परतल्यावर आधी ड्रॅग घट्ट करा, मग हलक्या धारेने गोडं पाणी. जोराचा पाइप मारला तर मीठ आत ढकललं जातं. पुसून वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पहिल्या धावेला अडखळतात आणि तेव्हाच दोर तुटतो. कयाकवरचे ॲल्युमिनियमचे हुक मिठाने जाम होतात, स्टीलचे घ्या आणि तेही धुवा.

केल्पकाठ

बरोबर. आणि इथून रॉड, शिसं काही नेऊ नका. शिशाचंच वजन विमानात जाईल. हातकाटा, सुरी (चेक-इनमध्ये), होकायंत्र आणि ज्या लाइफ जॅकेटात सराव केला ते, एवढं पुरे. मात्र ते अमेरिकन कोस्ट गार्डच्या मान्यतेचं नसेल तर कयाकवर ते धरत नाहीत, तिथलं एक वेगळं घ्यावंच लागेल. पहिले दोन आठवडे ला होया शोअर्सवरून मासेमारीशिवाय नुसते आत-बाहेर करा, भाड्याची पेडल कयाक घेऊन. दक्षिणेच्या मिशन बे खाडीतून निघालं तर लाटा फोडाव्या लागत नाहीत, पण केल्पपर्यंत अंतर जास्त, परतीला वारा लागला तर पाय भरून येतात.